नवरदेवाची गाडी मागे जात नाही

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखातली दुपार कलली होती, तरी गांधीबागेतले डांबर अजून चपलांना चिकटत होते. कवडूने आपली भाड्याची अ‍ॅम्बेसेडर सकाळीच धुऊन मोगऱ्याच्या माळांनी सजवली होती. मागच्या आसनावर बाशिंग बांधलेला रवींद्र घामाने निथळत होता. शेजारी त्याचे वडील, कापडाचे व्यापारी भैयाजी. पुढे बँड, मागे बायकांचा घोळका. मांडव दोन गल्ल्यांवर राहिला होता.

वळणावरून घंटा ऐकू आली. वाजंत्री भिंतींना पाठ लावून सरकले आणि पांढरी रुग्णवाहिका कवडूच्या समोर, चार हातांवर येऊन थांबली. गल्ली एकाच गाडीपुरती. रुग्णवाहिकेच्या मागे कापडाच्या गाठींनी लादलेले ठेले खेटले होते. तिला मागे हटणे शक्य नव्हते. कवडूच्या मागे मात्र पन्नास पावलांवर चौक होता.

त्याचा हात गिअरवर गेला.

"काय करून राहिला गा?" भैयाजींनी विचारले.

"मांगं घेतो जी. दवाखान्याची गाडी हाय."

"नवरदेवाची गाडी मागे घेत नाहीत. हे तुले मी सांगावं का?"

सांगण्याची गरज नव्हतीच. स्टँडवर नव्या ड्रायव्हरला सगळ्यांत आधी हेच शिकवीत: नवरदेव बसला की रिव्हर्स विसरायचा, गाडी मागे गेली की संसार मागे जातो. बावीस वर्षांत कवडूने एकाही नवरदेवाला मागे नेले नव्हते. त्याचा त्याला अभिमान होता.

रुग्णवाहिकेतून एक म्हातारी उतरून कवडूच्या खिडकीशी आली. "बापा, माही सून हाय आत. बाळंतपण अडलं. धंतोलीच्या दवाखान्यात न्याचं हाय. येवढी गाडी मांगं घे न."

"थांबा माय, पाच मिनिटं," भैयाजी मृदू स्वरात म्हणाले. ते दुष्ट नव्हते. "ठेले हटवाले माणूस धाडला आहे."

"नवरदेवाले पायीच न्या जी," क्लॅरिनेटवाला नत्थू पुटपुटला. "पायाले काई रिव्हर्स नसते." कोणी तरी हसले, कोणी तरी त्याला दटावले.

रवींद्र कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत असे. "बाबा, मुहूर्ताले वेळ आहे अजून," एवढेच तो म्हणाला, तेही मुंडावळ्यांच्या आडून.

ठेले हलेनात. एकाचे चाक नालीत गेले. कवडूचा हात गिअरवरच होता. त्याने आरशात पाहिले, समोर पाहिले, पुन्हा आरशात पाहिले. म्हातारी काचेला हात लावून उभी होती.

मग घंटा थांबली. ती वाजत होती तोवर कवडूला सहन होत होते. थांबली तेव्हा होईना. त्याने रिव्हर्स टाकला. भैयाजी ओरडले, बायका बाजूला पळाल्या, गाडी चौकात आली आणि रुग्णवाहिका निघून गेली.

भैयाजींनी मुलाला तिथेच उतरवले. "तुही गाडी पुन्हा आमच्या दारी नको, गा."

दुसऱ्या दिवशी कवडू धंतोलीच्या दवाखान्यात गेला. म्हातारी पायरीवर बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले बाळ. तिने त्याला लगेच ओळखले.

"लेकरू हाय. सून गेली." मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तूच न गाडी मांगं घेतली? मालकाले नाई भेला. देव तुहं भलं करो."

तो हात त्याला पेलवेना.

"उशिरा घेतली माय," तो म्हणाला. "हात पयलेपासून गिअरवरच होता."

तिने हात काढून घेतला.

"मंग काहून थांबला गा?"



त्यानंतर लग्नाची गाडी ठरवायला कोणी आले, की तो आधीच सांगतो: "वाटेत दवाखान्याची गाडी आली तर मी मांगं घेईन. कोनाले इचारनार नाई. कबूल असंन तर बसा." माणसे त्याच्याकडे पाहतात, एकमेकांकडे पाहतात आणि वळतात. स्टँडवरच्या रांगेत पुढची गाडी उभी असतेच.