मध्ये आलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनी टेलिफोटो लेन्स आहे. माझी पुढची काच फुटली आहे आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या मोज्यांच्या शेजारी माझा मुक्काम आहे. पण माझी कीव करू नका. ज्या हातांनी मला आपटलं, त्यांचीच बाजू मी आजही घेते.

कारखान्यात घासूनपुसून तयार झाल्यावर मला एका दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतलं. दवाखान्यात जाण्याआधी ते मला कॅमेऱ्याला लावून, कॅमेरा गळ्यात अडकवून परसात बसत. चिमणी असो की बुलबुल, मूठभर पक्ष्याचं पीसन्‌पीस दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. श्वास रोखायचा, नेम धरायचा आणि खटका दाबायचा. पाहुणे फोटो बघून वाहवा करत आणि मी उगाच फुगायचे.

एका वर्षी मागच्या दाराजवळच्या झुडपात बुलबुलांनी घरटं केलं. तीन पिल्लं झाली. बाईंचा, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचा, त्यांच्यावर भारी जीव. पिल्लं बिचकू नयेत म्हणून कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांनी दुसरीकडे बांधली. मांजर दिसलं की चप्पल भिरकावायच्या.

माझी नजर मात्र घरट्याआधी पुढच्या पानांवरच अडकायची. फोटोत नुसता हिरवा धूर यायचा. डॉक्टर वैतागले. एका दुपारी बाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी कात्री आणली आणि पुढच्या फांद्या दात उपटावेत तशा सफाईने काढून टाकल्या. घरटं काय लख्ख दिसलं म्हणून सांगू! मला दिसलं, तसं कावळ्यालाही दिसलं.

दुसऱ्या सकाळी तो थेट घरट्याच्या काठावर उतरला. पहिलं पिल्लू त्याने मानेला धरून उपसलं, फांदीवर आपटलं आणि पायाखाली दाबून फाडलं. बुलबुलाची मादी ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावत होती. त्याने तिला पंखाच्या फटक्याने उडवलं आणि दुसरं ओढलं. रक्त माझ्या अगदी डोळ्यांपुढे होतं. मला तोंड फिरवता येत नाही, मित्रांनो.

आणि डॉक्टर? ते खटके दाबत होते.

बाई धावत बाहेर आल्या. "अहो, बघताय काय? हाकला ना त्याला!"

"अगं थांब, हलू नकोस! असा फोटो पुन्हा मिळायचा नाही."

तेवढ्यात तिसरंही गेलं.

बाईंची नजर खाली पडलेल्या फांद्यांवर गेली. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा इतक्या जोरात हिसकला की डॉक्टरांच्या मानेवर वळ उठला. मग त्यांनी मला धुण्याच्या दगडावर आपटलं, आणि काच फुटल्यावरही आपटत राहिल्या.

कॅमेऱ्यातलं कार्ड शाबूत राहिलं, त्यामुळे फोटो मात्र वाचले. जेवणाच्या टेबलावर डॉक्टर ते बघत बसले होते. त्यातला पहिलाच फोटो कमालीचा स्पष्ट आला होता. वर कावळ्याची चोच आणि खाली पिल्लाची, उघडी.

मागे उभ्या राहिलेल्या बाई म्हणाल्या, "ओरडत असेल हो बिचारं."

"नाही," डॉक्टर कसंबसं म्हणाले. "घरटं हललं की त्यांना वाटतं, आई आली. ते... खायला मागत होतं."

बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मित्रांनो, पक्ष्यांचे फोटो जरूर काढा. पण मध्ये पान आलं तर येऊ द्या. फोटो अंधूक येईल, पण त्यातलं पिल्लू उद्याही घरट्यात असेल.