उजवी दादाची, डावी छोट्याची

"पुन्हा खरवडलंय!"

गॅरेजचं दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि छोट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल दुपारभर घाम गाळून त्याने गाडीच्या दारांना गंजावरचा तांबडा रेड ऑक्साइड लावला होता. आज तिथे उघडा पत्रा, आणि खड्ड्याखड्ड्यांत भरलेली करडी पुट्टी. बरं, भरणाऱ्याचा हात इतका साफ की शिवी देतानाही कौतुक वाटावं. त्याचाच राग जास्त आला.

"ताई!" तो वरच्या खिडकीकडे बघून ओरडला. "दादाला सांग, स्वतःच्या बाजूला बघ म्हणावं!"

"सांगते," खिडकीतून आवाज आला. "आणि त्याने सकाळीच निरोप ठेवलाय तुझ्यासाठी. छोट्याला सांग, स्वतःच्या बाजूला बघ."

छोट्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, तारेचा ब्रश घेतला आणि ती देखणी पुट्टी खरवडायला सुरुवात केली.

छोट्या म्हणजे कोणी पोरगा नव्हे. त्रेसष्ट वर्षांचा गडी, हॉस्पिटलात चौतीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झालेला. तिथे त्याला 'श्वासरोखे' म्हणत. दिवसातून शंभर वेळा तो एकाच सुरात म्हणायचा, "श्वास रोखा… हलू नका… सोडा." एका नव्या डॉक्टरला ते खरंच आडनाव वाटलं आणि त्याने सरळ रजेच्या अर्जावर तसं लिहून टाकलं. छोट्याने दुरुस्त केलं नाही. त्याला ते आवडलं होतं.

गाडी बाबांची. लांबलचक स्टेशन वॅगन, मागे अख्खी खोली मावेल एवढी. बाबा शाळांना नकाशे, पृथ्वीचे गोल आणि प्लास्टरचे हाडांचे सापळे पुरवायचे, त्यामुळे गाडीत माणसांपेक्षा भूगोल जास्त. सगळ्यात मागे एक सीट होती, तीही उलटी, पाठीमागच्या काचेकडे तोंड केलेली. ती तिघा भावंडांची. आईबाबा पुढे बघत जायचे आणि ही तिघं मागे पळणारा रस्ता बघत. दादा एका खिडकीशी, छोट्या दुसऱ्या, आणि मधे ताई. ती मधे नसती तर पहिल्या वळणाच्या आत मारामारी झाली असती.

मधे राहायचं काम तिच्या कपाळी तेव्हाच लागलं ते कायमचं. पुढे ती टेलिफोन ऑपरेटर झाली, आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडत राहिली. आणि निवृत्त झाल्यावर तिच्या वाट्याला एकच लाइन आली, दादा आणि छोट्या यांची. दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कोणाला ताप आला, कोणाचा दात काढला, कोणाला नातू झाला, सगळं ताईमार्फत. दोघं रोज तिला फोन करायचे आणि दोघंही शेवटी उगाच घसा साफ करून विचारायचे, "बाकी… तो काय म्हणतोय?"

महिन्याभरापूर्वी तिने दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावून एकच गोष्ट सांगितली.

"लेक न्यायला येतेय. पुढच्या महिन्याचा शेवटचा रविवार. मी कायमची तिच्याकडे चाललेय. पण जाईन ती बाबांच्या गाडीतून, आणि तुम्ही दोघं सोबत पाहिजेत. गाडी उठली नाही तर मीही उठणार नाही. तुमची लाइन जोडत मरायचं नाहीये मला. मलाही रिटायर होऊ दे."

छोट्या घरी जाताना विचार करत होता. गाडीचं काय, ती नाही झाली तर नाही. पण ताई गेली, की दादा सर्दीने शिंकला तरी त्याला कोण सांगणार होतं? त्याला दादाचा नंबर पाठ होता. तो लावायची हिंमत मात्र नव्हती.

तेव्हा गाडी गॅरेजात वीस वर्षं पडून होती. इंजिन कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने खोलून नेलं, सडलेल्या तळाला नवा पत्रा जोडून दिला. उरला बाहेरचा गंज. ताईने वाटणी केली. सकाळी दादाने यायचं, दुपारी छोट्याने. "उजवी बाजू दादाची, डावी छोट्याची. दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही." एवढं सांगून ती निर्धास्त झाली. गॅरेज तिच्या घरामागे, अकरा पायऱ्या खाली. तिचे गुडघे त्या पायऱ्यांना कधीच शरण गेले होते. खिडकीतून सकाळी खरवडल्याचा आवाज यायचा, दुपारीही यायचा. तिला वाटायचं, काय झपाट्याने काम चाललंय!

तीन आठवडे असं चाललं. त्या दारांची एवढ्या वेळा दाढी झाली की पत्रा बोटाने दाबला तर आत जाऊ लागला. छोट्याला रात्री बायकोने विचारलं, "झाली का हो गाडी?" तो म्हणाला, "माझी बाजू झाली असती. दादा होऊ देत नाहीये." ती म्हणाली, "मग विचारा की त्यांना." यावर छोट्याने कूस बदलली.

एक गोष्ट मात्र त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. पहिल्याच आठवड्यात मागच्या दारावरचा रंग निघताना खालून निळी अक्षरं वर आली होती. दादाने चौदाव्या वर्षी रंगवलेली, आयुष्यातली त्याची पहिली पाटी. 'शालेय नकाशे' असं होतं. गंजाने आजूबाजूचं सगळं खाल्लं आणि दोनच अक्षरं ठेवली, 'नका'. छोट्याचा ब्रश तिथे थांबला. मग त्याने त्या दोन अक्षरांभोवती वळसा घालून पुढचं खरवडलं.

शेवटच्या रविवारला दहा दिवस उरले तेव्हा मात्र त्याचा संयम सुटला. आज याला रंगेहाथ पकडायचंच म्हणून तो भल्या सकाळी गॅरेजात उतरला. दादा खरोखरच रंगल्या हातांनी उभा होता. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, केस पांढरे, चष्मा दोऱ्याने बांधलेला, हातात खरवडणी. छोट्याचा कालचा ऑक्साइड खाली पडत होता.

दोघं हातभर अंतरावर. नऊ वर्षांनी प्रथमच समोरासमोर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि वर खिडकीकडे बघून एकदमच ओरडले, "ताई!"

"काय झालं?"

"याला विचार, माझी बाजू का खरवडतोय!" दादा.

"याला विचार, माझी बाजू का खरवडतोय!" छोट्या.

वर खुर्ची सरकली. मग काठीचा आवाज आला. ताई पायऱ्या उतरत होती, खरं तर एकेका पायरीवर बसत बसत सरकत होती. दोघंही धावले. एकाने उजवा दंड धरला, एकाने डावा. मधे ती.

खाली येऊन तिने गाडीकडे पाहिलं. "ही बाजू कोणाची?"

"माझी," दोघं म्हणाले.

ताई काठी टेकत बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेली. पलीकडच्या बाजूला कोणाचा हात लागला नव्हता. गंजाचे पापुद्रे जसेच्या तसे होते. फुटक्या खिडकीतून एक वेल आत शिरून स्टिअरिंगपर्यंत गेली होती, आणि दाराच्या कडीवर कोळ्याने ऐसपैस संसार मांडला होता.

ताईने टपावर हात टेकला आणि हसायला लागली. आधी खुदकन, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचा नवरा गेल्यापासून दोघांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"छोट्या," तिला धाप लागली, "डावी म्हणजे कुठली रे?"

"ही," छोट्या ठणकावून म्हणाला. "गाडीची डावी. डावा म्हणजे पेशंटचा डावा, बघणाऱ्याचा नव्हे. चौतीस वर्षं सांगत आलोय मी लोकांना. बॉनेट म्हणजे चेहरा, दिवे म्हणजे डोळे."

"आणि दादा, उजवी?"

"ही," दादाने उजवा हात वर केला. "पाटीसमोर उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती उजवी. पाटीला कुठला आलाय स्वतःचा उजवा हात?"

"अरे देवा! मी म्हणत होते आपल्या मागच्या सीटवरची उजवी. जिथे दादा बसायचा ती."

दोघं मनातल्या मनात त्या उलट्या सीटवर जाऊन बसले. दादा हळूहळू फुलला. त्याची खिडकी खरवडलेल्या बाजूलाच होती. छोट्याचा चेहरा पडला.

"म्हणजे चूक माझी?" तो म्हणाला. "चौतीस वर्षांत एकाही पेशंटचा पाय बदलला नाही मी!"

"गाडीचा बदललास," दादा म्हणाला.

तो थेट छोट्याशी बोलला होता. ताईने मान वळवली आणि कोळ्याकडे बघत राहिली. दोघांची लाइन लागली की ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं, हा तिचा नियम होता.

दादाने मागच्या दाराला टेकून चष्मा पुसला. "ही अक्षरं नाही खरवडलीस."

"तूही नाही."

"माझी होती ती." मग पुन्हा पुसलेलाच चष्मा पुसत म्हणाला, "बाबा जायच्या आधी त्यांच्या छातीच्या फोटोत तुला सगळं दिसलं होतं ना?"

नऊ वर्षं हाच प्रश्न ताईच्या दोन्ही कानांत अडकला होता, आणि तो काही निरोप म्हणून पोचवण्यासारखा नव्हता.

"दिसलं होतं," छोट्या म्हणाला. "फोटो मीच काढला. त्यांना म्हटलं श्वास रोखा, आणि पडद्यावर बघून माझाच रोखला गेला. त्यांनी तोंड बघूनच ओळखलं. म्हणाले, दादाला सांगू नकोस. तो शिडीवर चढून रंगवतो. हात थरथरला तर पडेल."

दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"त्या वर्षी तीन मजली पाटी होती माझी," तो म्हणाला. "मला वाटलं, मी अडाणी पेंटर, मला काय कळतं, म्हणून सांगितलं नाहीस. हे आधी का नाही बोललास, गाढवा?"

"तू बोलतच नव्हतास!"

दादा हसला. हसताना त्याचा आवाज चिरकला आणि मग तो रडला, उघड रडला. छोट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा दादाच्या शर्टावर तांबड्या ऑक्साइडचा पंजा उमटला.

"अरे, नवा शर्ट!" ताई ओरडली.

पुढचे दहा दिवस त्या गॅरेजात एवढी भांडणं झाली की शेजारचे डोकावून जायचे. पुट्टी ओली घासायची की सुकी, खिडकीच्या पट्ट्या तपकिरी की काळ्या, पहिला हात पातळ की जाड. सगळं थेट, मधे कोणी नाही. रोज दोघांना धरून उतरून ताईने सगळ्यात खालच्या पायरीशी खुर्ची टाकली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून पट्ट्यांचे स्क्रू पुसून देऊ लागली. वेल छोट्याने तोडली नाही, हलक्या हाताने मागे ओढून भिंतीवर चढवली. इंजिन बसवून मेकॅनिकने किल्ली फिरवली तेव्हा छोट्या अभावितपणे म्हणाला, "श्वास रोखा…" सगळ्यांनी खरंच रोखला. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. दादाने ब्रश हवेत उडवला तो थेट मेकॅनिकच्या डोक्यावर पडला.

दुधी रंग चढला, पण मागच्या दारावर दादाने एक चौकोन मोकळा सोडला. त्यात गंजातून वाचलेलं 'नका' तसंच राहिलं. त्याच्या आधी त्याने 'शालेय' लिहिलं आणि पुढे एक नवा निळा 'शे' काढला. चौदा वर्षांच्या मुलाची वाकडी अक्षरं आणि बहात्तर वर्षांच्या पेंटरचं सरळ अक्षर शेजारी शेजारी बसलं.

"जुळत नाही," दादा मागे सरून म्हणाला.

"राहू दे," छोट्या म्हणाला.

रविवारी भाची आली. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तिने किल्ली घेतली आणि पुढचं दार उघडून धरलं. "आई, पुढे बस. मामा, तुम्ही दोघं मधल्या सीटवर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागच्या बाजूला निघाले. मागचं मोठं दार वर उचललं, ताईला दोन्हीकडून धरून चढवलं, मग दादा त्याच्या खिडकीशी आणि छोट्या त्याच्या. गुडघे हनुवटीला लागत होते. दीड तास ती तिघं मागे पळणाऱ्या रस्त्याला हात करत, मागून येणाऱ्या गाडीवाल्यांना जीभ दाखवत, हसून हसून दुखणाऱ्या बरगड्या धरत गेली. एका ट्रकवाल्याने त्यांना सलाम ठोकला. ताईने उलट ठोकला.

भाचीच्या घरी जेवणं झाली, ताईची खोली बघून झाली, खिडकी कुठल्या दिशेला आहे यावर पुन्हा थोडं भांडण झालं. मग निघायची वेळ आली. भाची दोघांना सोडायला जाणार होती.

"आता तरी पुढे बसा मामा, जागा आहे."

दोघंही मागे जाऊन बसले, दादा त्याच्या जागी, छोट्या त्याच्या. मधली जागा कोणी घेतली नाही.

ताई फाटकाशी उभी होती. "आता एकमेकांची खबर विचारायला मला फोन करायचा नाही," ती म्हणाली. "एकमेकांना फोन करा. आणि मग दोघं मिळून मला करा."

गाडी हलली. पुढे बसणाऱ्याला मान वळवावी लागते, यांना ताई समोरच दिसत होती. फाटकाला धरलेला हात, दुसऱ्या हातातली काठी. ती लहान होत गेली. छोट्या काचेतून टक लावून बघत होता, श्वास रोखून, जरासुद्धा न हलता. रस्ता वळला, कडेची झाडं मधे आली आणि फाटक दिसेनासं झालं, तरी तो तसाच होता.

रिकाम्या जागेवरून एक हात पुढे आला आणि त्याच्या गुडघ्यावर टेकला. नखांत अजून दुधी रंग होता.

"सोडा," दादा म्हणाला.