चिंधी बांधलेल्या झाडाचं बी

"नुसतं लाल दिसलं म्हणून बी धरू नको गं. आधी झाड बघ, मग फळ बघ."

हा आवाज मी ऐकला त्याला पन्नास वर्षं होत आली. उदगीरजवळच्या एका खेड्यात लेक सासरी निघाली होती. तिची आई तिला सांगत होती आणि सांगता सांगता माझ्या तोंडात कापडाचा बोळा कोंबत होती. मित्रांनो, मी एक तुंबा आहे. छपरावरच्या वेलाला लागलेला, आतून कोरून वाळवलेला दुधी भोपळा. तेव्हा नवा होतो, आता जुना झालो. नवरीच्या मांडीवर बसून मी हदगावच्या बाजूला आलो. माझ्या पोटात टमाट्याचं बी होतं. नवरीचं नाव धुरपता.

ते टमाटे दिसायला साधेच. लिंबाएवढे, पातळ सालीचे, अंगावर घड्या पडलेले. पण कापले की देठापर्यंत लाल. एक वरणात पडला की चिंचेची गरज नसे. धुरपताबाई दरवर्षी शेतात फिरून निरोगी, भरभरून लागलेलं झाड हेरायची आणि त्याला लुगड्याची चिंधी बांधायची. त्या झाडाला नवऱ्यानंही हात लावायचा नाही. फळं झाडावरच पिकू द्यायची. गर पाण्यात दोन दिवस आंबवायचा, बी धुऊन सावलीत वाळवायचं, राखेत घोळायचं आणि माझ्या पोटात घालायचं. तेव्हा ती गुणगुणायची,

नीज नीज बियाबाई, राखेची गं दुलई
मिरगाच्या पावलाला, हाक मारील तुझी आई

शेजारणी पदर पसरून बी न्यायच्या. "धुरपताचा हात लई गुणाचा," म्हणायच्या. मी आढ्याला टांगलेला असे आणि मला वाटे, हा मान माझाच आहे.

मग कडक सालीचे टमाटे आले. ट्रकमधून दूर जायचे, आठ दिवस तसेच राहायचे. एकेका घरानं आमचं बी सोडलं. उदगीरकडच्या त्या शिवारातही सोयाबीनच झालं. शेवटी ते बी माझ्या पोटात तेवढं उरलं.

धुरपताबाईची सून विशाखा अंगणवाडीत सेविका आहे. तिच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी मिळून पोरांच्या खिचडीसाठी बिनखताची, बिनफवाऱ्याची बाग करायचं ठरवलं. टमाटा कोणता लावायचा, यावर आमच्याच ओसरीवर बैठक बसली.

"पोरांच्या पापण्या उलटून बघा, पांढऱ्याफटक," विशाखा म्हणाली. "पालकासंगं आंबट पोटात गेलं तर त्यातलं लोह अंगी लागतं. आन फवारा न मारता तग धरणारं झाड पायजे. आत्या, तुमचंच बी लावू."

गटातली शिवकांता हसली. "माय, तुमच्या टमाट्याला साल हाय का न्हाई? टोपलीत ठिवला की रस होतोय."

"अंगणवाडीपस्तोर तर न्यायचा हाय," धुरपताबाई म्हणाली. "हैदराबादला न्हाई."

सगळ्या हसल्या. ठरलं. त्या दिवशी धुरपताबाईनं मला तीनदा पुसलं.

त्याच उन्हाळ्यात ती भाचीच्या लग्नाला उदगीरला गेली. तिचा नवरा ज्ञानोबा घरी एकटा होता. डॉक्टरनं त्याची तंबाखू बंद केली होती, म्हणून त्यानं चंची माझ्यामागे लपवली होती. ती ओढून काढताना माझी दोरी सुटली. मी ओसरीवर आपटून अंगणात गडगडलो, बोळा उडाला, बी सांडलं. ज्ञानोबा लगबगीनं येईपर्यंत कोंबड्यांनी ते टिपून घेतलं. तो कपाळाला हात लावून बसला. मग उठला, बाजारात गेला, कडक सालीचे टमाटे आणले, त्यांचं बी काढून वाळवलं, राखेत घोळलं आणि माझ्या पोटात भरलं. माझी चीर डिंकानं बुजवली.

"ही चीर कशाची?" परत आल्यावर धुरपताबाईनं विचारलं.

"उंदरानं पाडला आसंल," तो म्हणाला.

दिवाळीपर्यंत बाग दिसायला लागली. एक झाड कमरेएवढं, दुसरं वीतभर. एकाला लांबट फळं, एकाला फिकट. निम्म्यांची पानं कोकडली. बाजारच्या संकरित टमाट्याचं बी धरलं की पुढची झाडं अशीच निघतात, एकाला एक मिळत नाही. पोरांनी तो हिवाळा नुसत्या खिचडीवर काढला.

"अकरा घरच्या अकरा पावण्या आणून बसिवल्यात जणू," शिवकांता म्हणाली. "एकीचं तोंड दुसरीसारखं न्हाई."

धुरपताबाई बागेतून निघाली. घरी येऊन तळहात बघत बसली. "माझा हात उतरला," म्हणाली. आणि ज्ञानोबा, जेवता जेवता, खाली मान घालून म्हणाला, "वय झालं की उतरतोच."

मित्रांनो, मला तोंड होतं, पण त्यात बोळा होता. त्याच्या तोंडात काहीच नव्हतं. तोही खरं बोलला नाही.

तेव्हापासून तिनं मेथीचं बीसुद्धा मातीत टाकलं नाही. "तूच टाक गं," विशाखाला म्हणायची. मला धूळ चढली. कोळ्यानं माझ्या गळ्यापाशी घर केलं.

एक गोष्ट मला अजून डाचते. मी पडलो त्या दिवशी बांधावर चिंधीचं झाड उभं होतं. वाळकं, पण चार सुरकुतलेली फळं लोंबत होती. त्यातलं एक बियाण्याला पुरलं असतं. मिरगाच्या पावसात ती कुजून गेली. म्हणून सांगतो, तुमच्या हातून बी सांडलं तर त्याच दिवशी सांगा. फार तर शिव्या बसतील. उशीर झाला की कबुली मिळते, बी मिळत नाही.

यंदा विशाखानं लातूरच्या मेळाव्यातून दुसरं गावरान बी आणलं. ते ठेवायला मला पुसून अंगणवाडीत नेलं. अकरा जणी जमल्या होत्या. वाफा तयार होता. विशाखानं मूठ पुढे केली, "आत्या, पहिले दाणे तुम्ही टाका."

धुरपताबाईनं हात पदराखाली ओढला.

"तिला कशाला देता?" शिवकांता म्हणाली. "पुन्हा पावण्या येतील."

ज्ञानोबा शेणखताची पाटी घेऊन आला होता. त्यानं पाटी खाली ठेवली. बायकोकडं पाहिलं नाही.

"शिवकांता, तिला बोलू नको. तंबाखू काढताना तुंबा म्या पाडला. तिचं बी कोंबड्यांनी खाल्लं, आन म्या बाजारच्या टमाट्याचं भरून ठिवलं. दोन वरसं गप बसलो. तिचा हात उतरला नव्हता."