पान एक्क्याण्णव

लेखकांनी सहा वर्षांपूर्वीच्या प्रुफाचं पान उलटलं. नव्वदनंतर ब्याण्णव आलं.

त्यांनी पान मागे घेतलं, दोन कागद एकमेकांना चिकटलेत का ते अंगठ्याने चाचपलं, गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला आणि पुन्हा मोजलं. एकोणनव्वद, नव्वद, ब्याण्णव.

"एक पान कमी आहे," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. वर्गातल्या हजेरीत एखादा गैरहजर निघावा, तसं म्हणाले. तीस वर्षं गणित शिकवल्यावर माणूस बहुधा असाच बोलतो.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मुद्रितशोधक बाईने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. एक्क्याण्णवावं पान त्या पर्समध्ये होतं. चार घड्या घातलेलं, डब्याच्या खाली. सकाळी कपाटातून काढताना तिने ठरवलं होतं, विचारलं तर देऊन टाकायचं. ऑफिसच्या पायऱ्या चढताना ठरवलं होतं, नाही द्यायचं. आता विचारलं गेलं होतं, आणि दोन्हींतलं काहीच पक्कं नव्हतं.

"गोदाम हलवलं ना मध्यंतरी," संपादक दारातूनच म्हणाला. "त्या गडबडीत गेलं असेल, सर. काय ताई?"

तिने मान हलवली. हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नसतं.

या प्रकाशनसंस्थेत तिला सगळे भिंगताई म्हणत. एकोणतीस वर्षांत तिच्या नजरेतून वेलांटी निसटली नाही अशी ख्याती होती. नवीन माणूस कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी सांगत, भिंगताईंनी वाचलं असेल तर पुन्हा वाचू नकोस, वेळ जातो. दोन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. त्याआधी तिच्याकडे आलेलं शेवटचं मोठं काम म्हणजे याच लेखकांच्या चार कादंबऱ्यांची एकत्र आवृत्ती.

कादंबऱ्या मिठाच्या राज्याच्या होत्या. जादूगार, खारट वारे, पळून गेलेली राजकन्या असं सगळं त्यात होतं. दुसऱ्या पुस्तकात किल्ल्याच्या जिन्यावर दिवे लावणारी एक बाई येते. तिला नाव नाही, सगळे तिला दिवेवाली म्हणतात. राजकन्येला अंधारात निसटता यावं म्हणून ती एका फुंकरीत जिना विझवते, आणि जादूगार तिला मिठाच्या खाणीत ढकलून देतो. अर्ध्या पानात तिचा कारभार आटोपतो. चौथ्या पुस्तकात, पान एक्क्याण्णववर, राजकन्या परत येते तेव्हा हीच दिवेवाली काही झालंच नाही अशा थाटात हातात दिवा घेऊन जिन्यावर उभी. "जपून. पायरी ओली आहे," एवढं म्हणते आणि पुस्तकातून निघून जाते.

मेलेली बाई बोलली म्हटल्यावर वाचकांनी आकाशपाताळ एक केलं. पोतंभर पत्रं आली. काही म्हणाले, मिठात काही कुजत नाही, तेव्हा मिठात पडलेलं माणूसही टिकणार, हे पहिल्या पुस्तकातल्या लोणच्याच्या बरणीवरूनच ओळखायला हवं होतं. काही म्हणाले, जुळी बहीण. एका शाळेतल्या शिक्षिकेने लिहिलं की या राज्यातलं मरण नावांची यादी वाचत येतं. दिवेवालीला कुणी नावच दिलं नाही, मग ते तिला हाक कशी मारणार? या शेवटच्या तर्काला तर इतके लोक मिळाले की त्यांनी आपापसांत ठराव केल्यासारखं तेच खरं धरलं, आणि चारही पुस्तकांतली बिननावाची माणसं शोधून काढली. भिश्ती, घोड्याला नाल ठोकणारा, पडदे धुणारी. आता ही माणसं एक दिवस जादूगाराला भारी पडणार, असं सगळ्यांना वाटत होतं.

लेखक सगळ्यांना एकच उत्तर देत: "पाचव्या पुस्तकात कळेल." लोक म्हणत, बघा, केवढा पोहोचलेला माणूस! आतली गोष्ट ओठांवर येऊ देत नाही.

पाचवं पुस्तक सहा वर्षं आलं नव्हतं.

संपादकाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. टेबलावर चहाचे दोन कप होते, त्यातला लेखकांचा तसाच निवत होता. त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली आणि पेन्सिलने काही लिहिलं.

वही तिच्या बाजूने उलटी होती. पण मुद्रितशोधकाला उलटी अक्षरंही वाचता येतात. तिला तर ती न वाचणंच कधी जमलं नव्हतं.

*प्रकाशकाचं ऑफिस, दुसरा मजला. चष्मा डाव्या खिशात. दार ओढून कुलूप लावलं आहे. पान ९१ पाहणे. न आठवल्यास गप्प राहणे.*

या ओळींखाली त्यांनी आत्ता लिहिलं होतं: *पान मिळालं नाही.*

तिने पुन्हा वाचलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. दाढी नीट केलेली, शर्टाला कडक इस्त्री. वही त्यांनी खिशात सरकवली.

"सर," ती म्हणाली, "ते पान तुम्हाला कशासाठी हवं होतं?"

"असंच." ते थांबले. "नव्या आवृत्तीत काय करायचं ते ठरवावं लागेल ना. ठेवायचं की दुरुस्त करायचं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" त्यांनी गठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग खिडकीकडे बघत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसे म्हणाले, "ताई, माझ्या आठवणीत त्या ठिकाणी 'एक बाई' आहे. जिन्यावर एक बाई उभी होती. कुणीही बाई. दिवेवाली मी दुसऱ्याच पुस्तकात मारली, तिला मारताना मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, मी तिला विसरेन कसा? पण पुस्तक छापून आलं तेव्हा तिथे ती होती. हस्तलिखित तुमच्याकडे दिलेलं ते रद्दीत गेलं, माझ्याकडे कच्चं काही नाही. म्हटलं, टाइप करणारा फार तर काना-मात्रा खाईल, माणूस कसा बदलेल? आणि तुम्ही वाचलेलं. तुम्ही वाचलंय म्हणजे मीच लिहिलं असणार."

तिचा हात पर्सच्या चेनवर गेला.

"माझी आई याच वयात घरातली माणसं विसरायला लागली," लेखक म्हणाले. "सुरुवात अशीच झाली होती. गेलेल्या मावशीचं ताट वाढायची." ते किंचित हसले. "ते पुस्तक आल्यापासून लिहायला बसलो की आधी मागचं तपासतो. कोण मेलंय, कोण जिवंत आहे. तपासता तपासता दिवस संपतो. मुलीने आता डॉक्टरांची वेळ घेतलीय, उद्याची. म्हटलं, जायच्या आधी मी काय लिहिलं होतं ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं."

इतकी वर्षं ती स्वतःच्या अब्रूला जपत होती. तीच अब्रू या माणसाच्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिने पर्स उघडली. डबा बाजूला केला, कागद काढला, घड्या उलगडून हाताने सपाट केला आणि त्यांच्यासमोर सरकवला. यावेळी सुलटा, त्यांच्या बाजूने.

लेखकांनी चष्मा लावला.

टाइप केलेल्या मजकुरात 'एक बाई' होतं. त्यावर लाल शाईची रेघ होती. समासात बारीक, गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं: *दिवेवाली*.

"हे कुणाचं अक्षर?"

"माझं."

"माझं नाही."

"नाही, सर."

"म्हणजे मी लिहिलं नव्हतं."

"नव्हतं. तुम्ही 'एक बाई'च लिहिलं होतं. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, शेवटचं प्रूफ तुमच्याकडे गेलंच नाही. मी बदललं. आणि पुस्तक आल्यावर गठ्ठ्यातून पान काढून घरी नेलं."

"पुन्हा सांगा."

"तुम्ही 'एक बाई' लिहिलं होतं."

लेखकांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. मग निवलेला चहा उचलून एका घोटात पिऊन टाकला, साय आलेली तशीच, आणि रिकामा कप खाली ठेवून खुर्चीला पाठ टेकली. इतका वेळ ते पाठ न टेकता बसले होते हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"सहा वर्षं," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही विसरला होता? ती मेलीय ते?"

इथे हो म्हणता आलं असतं. माणसाकडून चूक होते. एकोणतीस वर्षांत एक. तो शब्द तिच्या तोंडापर्यंत आलाही.

"नाही," ती म्हणाली. "चांगलं आठवत होतं. दुसरं पुस्तक मीच वाचलेलं, अर्ध्या पानात तुम्ही तिला संपवलंत तेव्हा तुमचा रागही आला होता. पण आपलं काम अक्षरांचं, माणसांचं नाही, म्हणून गप्प बसले." तिने कागदाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला. "हे पान मी हॉस्पिटलच्या बाकावर वाचलं. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन चालू होतं आत. चार तास म्हणाले होते, सहा झाले तरी दार उघडेना. हातात काम होतं म्हणून करत बसले. आणि इथे आले तर जिन्यावर कुणीतरी एक बाई, हातात दिवा. मला वाटलं, कुणीतरी कशाला? त्या दिवशी मला कुणीतरी परत आलेलं बघायचं होतं, सर. लेखणी हातात होती. केलं."

बाहेर संपादक फोनवर कुणाला तरी कागदाचा भाव पटवत होता.

"आणि हे?" लेखकांनी विचारलं. "तुमचे हे?"

"आले ना. पुढे अर्ध्या तासाने दार उघडलं. आता ठणठणीत आहेत. घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतात."

लेखकांनी मान डोलावली. एकदा, दोनदा, मग उगीचच पुढे काही वेळ डोलावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. आलं तसं राहू दिलं.

"तुम्ही चिडला असाल," ती म्हणाली. "मी संपादकांना सांगते. लेखी देते. दोन महिने राहिलेत, आजच सोडायला सांगितलं तरी—"

"चिडणार आहे. पुष्कळ चिडणार आहे," लेखक म्हणाले. "पण आज नाही. आज मला सवड नाही." त्यांनी फोन काढला आणि मुलीला लावला. "अगं, ऐक. उद्याचं... नाही नाही, रद्द नको करूस, जाऊ आपण. बघू देत काय बघायचं ते. तेवढं सांगायला फोन केला की मी बरा आहे. नाही, पडलो वगैरे नाही. बरा आहे म्हणजे बरा आहे! संध्याकाळी सांगतो. आणि हो, मला भूक लागलीय, काहीतरी जास्तीचं कर."

फोन ठेवल्यावर त्यांनी नव्या आवृत्तीच्या प्रुफातलं तेच पान पुढे ओढलं. तिनेच आदल्या दिवशी 'दिवेवाली' या शब्दापाशी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं होतं.

"दुरुस्त करू ना?" तिने विचारलं. तिची लाल लेखणी टोपण काढून तयार होती. "'एक बाई' करते. तुमचं होतं तसं."

"वेड लागलंय का तुम्हाला? पोतंभर लोकांनी तिला जिवंत ठेवलंय. आता मी मारली तर मला घराबाहेर पडू देतील?" त्यांनी प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. "राहू द्या उभी. पण एक अडचण आहे. मी सगळ्यांना सांगून बसलोय, पाचव्यात कळेल. आणि मला काहीच माहीत नाही. ती का आली, आता काय करणार. माझी असती तर ठाऊक असतं. तुमची आहे. तुम्ही सांगा."

"मी?"

"मग कोण? सगळ्या दुनियेने तर्क लढवले. मिठाची बरणी झाली, जुळी बहीण झाली. तुमचं काय म्हणणं?"

एकोणतीस वर्षांत कुठल्याच लेखकाने तिला असं काही विचारलं नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ विचारत, शब्द एकत्र की सुटा ते विचारत. तिने दोन्ही कप एका बाजूला सरकवले.

"मला जादूचं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण तिला आधी कुणीतरी बस म्हणा, सर. दुसऱ्या पुस्तकापासून बिचारी जिन्यावर उभी आहे. बसली, हातातला दिवा खाली ठेवला, की मग बोलेल काय ते."

लेखक जायला म्हणून उठले होते. ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची पुन्हा ओढली, टेबलावरचा एक पाठकोरा कागद घेतला, आणि तिच्या हातातली लाल लेखणी न विचारताच काढून घेतली.