कात्रीवरची चिंधी

"अहो! आधी इकडे या! जसे असाल तसे या!"

मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर फेस आणि अर्धा गाल गुळगुळीत, अशा अवतारात मी पुढच्या खोलीत धावलो, कारण आमची ही उगाच ओरडणाऱ्यांतली नाही. तीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं घेऊन तिचा आवाजसुद्धा मोजूनमापून निघतो. आज मात्र ती आरशासमोर उभी होती. अंगावर खाकी कागदाचा कापलेला खाका टाचलेला, गळ्यात मापाची टेप, आणि चेहरा वर्गात पहिली आलेल्या मुलीसारखा.

"हे बघा," ती म्हणाली. "कागदावर खडूनं गोल केलाय तो माझा डाग. आता टेपचं टोक बघा."

मी बघितलं. टेपचं टोक बरोबर खडूच्या गोलात बसलं होतं.

"हे झालं डावं. आता उजवं."

उजवं टोकही दुसऱ्या गोलात, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही.

"म्हणजे काय?" मी विचारलं. फेस गळ्यावरून खाली ओघळायला लागला होता.

"म्हणजे काय काय? चोर सापडला!" आणि बायको चक्क टाळ्या वाजवायला लागली.

हे प्रकरण आठ महिन्यांचं होतं. आधी उजव्या अंगठ्याला आतल्या बाजूनं खाज सुटली. मग लालसर चट्टा आला, त्यावर बारीक पाण्याचे फोड, मग कातडी सुकून तिला भेगा. नंतर मधलं बोट, आणि शेवटी कमरेवर दोन चट्टे, डावा बेंबीजवळ आणि उजवा थेट कमरेच्या हाडापाशी. औषधाच्या दुकानदारानं न बघताच गजकर्णाचं मलम दिलं. चार दिवसांत चट्टे गेले आणि पाचव्या दिवशी दुपटीनं परत आले. शेजारणीनं आंबट सोडायला सांगितलं, जावेनं साबण बदलायला लावला. मी काय केलं? मी म्हणालो, "तुझ्या डोक्यातच आहे ते, लक्ष नको देऊस." त्या वाक्याची शिक्षा म्हणून मला तीन दिवस माझा चहा माझ्या हातानं करून प्यावा लागला. योग्यच होतं ते.

पण खाजेपेक्षा मोठं दुखणं वेगळंच होतं. अडीच महिन्यांपूर्वी आमच्या लेकीला मुलगी झाली. लेक दोन गल्ल्या सोडूनच राहते. तरी हिनं नातीला एकदाही उचललं नव्हतं. पाळण्याजवळ जायची आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी उभी राहायची. "मला जे झालंय ते त्या कोवळ्या जिवाला नको," एवढंच म्हणायची. बाळासाठी हिनं सात झबली शिवली, दोनदा उकळत्या पाण्यातून काढली आणि माझ्या हातून पाठवली. लेक म्हणायची, "आई, घे ना गं तिला." ही म्हणायची, "बरी झाले की घेईन." आणि बरी काही होत नव्हती. तेवढं मला बघवत नव्हतं.

शेवटी गेल्या आठवड्यात लेकीनं तिला धरूनच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मलमाची ट्यूब बघून कपाळाला हात लावला, ती बंद करायला सांगितली आणि म्हणाल्या, "दिवसभरात कशाकशाला हात लागतो ते बघा. आणि डाग नेमके कुठं आहेत ते मला काढून आणा."

आता काढून आणा म्हटल्यावर दुसरी कुणी कागदावर बाहुली काढली असती. आमच्या टेलरबाईंनी स्वतःचं माप घेऊन पूर्ण खाका कापला, अंगाला लावला, आणि डागांच्या जागी खडू मारला. सवयीनं टेप गळ्यातच होती. टेपची टोकं मशीनच्या चाकात अडकू नयेत म्हणून ही ती कमरेला खोचते. चाक उजवीकडे, म्हणून उजवं टोक लांब हाडापाशी आणि डावं तसंच पुढे, बेंबीजवळ. दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या.

"मग अंगठ्याचं काय?" मी म्हणालो.

मशीनवरची मोठी कात्री उचलून तिनं अंगठा कडीत घातला. चट्टा कडीआड तंतोतंत झाकला गेला.

"चला," ती म्हणाली. "दवाखाना उघडला असेल."

"अगं, माझी अर्धी दाढी..."

"अर्धी करा नाहीतर ठेवा. मी निघाले."

डॉक्टरीणबाईंनी तो खाका टेबलावर पसरला आणि बघतच राहिल्या. "माझ्याकडे आजवर असा नकाशा कुणी आणला नाही," त्या म्हणाल्या. मग कपाटातून छोटी बाटली काढली, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकले आणि बोळा टेपच्या टोकावर घासला. बोळा गुलाबी झाला. दुसरा बोळा कात्रीच्या कडीवर घासला, तो आणखी गडद गुलाबी.

"निकेल," बाई म्हणाल्या. "हा धातू तुमच्या अंगाला सोसत नाही. आधी कात्रीनं सुरुवात केली असणार. एकदा अंगानं वैर धरलं की मग टेपचं एवढंसं टोकही पुरतं. खात्रीसाठी पाठीवर पट्ट्या लावू. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. परवा बघू, आणि त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा. पण मला शंका उरलेली नाही. हा मुलामा नवा दिसतो. कधी करून घेतलात?"

कात्री मूळची माझ्या सासूबाईंची. त्यांनी चाळीस वर्षं वापरली, मग हिच्याकडे आली. दोन्ही कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, मळक्या, घट्ट. हिच्या वाढदिवसाला मीच त्या चिंध्या कापून फेकल्या आणि कात्री चकचकीत मुलामा देऊन आणली. ही काय खूश झाली होती!

"मी," मी म्हणालो. "नऊ महिने झाले."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चहाच काय, जेवणही माझं मलाच. पण तिच्या डोक्यात दुसरंच होतं.

"बाई, हे दुसऱ्याला होतं का हो? म्हणजे, हात लावला तर?"

"मुळीच नाही. हे तुमच्या अंगाचं आणि त्या धातूचं भांडण आहे, तिसऱ्याचा संबंध नाही."

"माझी नात आहे. अडीच महिन्यांची."

"आत्ता जाऊन उचला."

ही हळूच म्हणाली, "परत एकदा सांगा."

बाईंनी परत सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. प्लास्टिकच्या मुठीची कात्री घ्यायची, टेपच्या टोप्या काढायच्या, शिवताना मधल्या बोटात घालायचं धातूचं अंगुस्तान बदलायचं. गरम पाणी नको, नखं बारीक ठेवायची, दिवसातून चारपाचदा साधं जाड मलम चोळायचं. चिठ्ठीतलं औषध सांगितले तेवढेच दिवस. हे वैर जन्माचं आहे, पण लांब राहिलं की त्रास नाही.

"आणि ही कात्री? आईची आहे."

"टाकू नका. कड्यांना जाड कापड गुंडाळा आणि क्वचितच वापरा. घामानं ओलं झालं की बदला."

परतीच्या वाटेवर बायको नुसती सुटली होती! इस्त्रीवाल्याला सांगितलं, चपला शिवणाऱ्याला सांगितलं, किराणावाल्याला तर कमरेवरचे डाग सोडून सगळं सांगितलं. "निकेल हो, निकेल! मीच शोधून काढलं!" माझ्या अर्ध्या दाढीकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

घरी आल्यावर तिनं अस्तराच्या जाड कापडाची पट्टी फाडली. "इथं बोट ठेवा," ती म्हणाली. मी कडीवर बोट ठेवलं, ती गुंडाळायला लागली. दोन वेढे झाले आणि तिचा हात थांबला.

"अहो, आईच्या टेपला टोप्या नव्हत्या. दोन्ही टोकं कापडानं शिवलेली होती."

"हो," मी म्हणालो. "आपण हसायचो."

"आणि कात्रीला चिंध्या."

मी कडीवरचं बोट तसंच दाबून धरलं.

"म्हणजे तिलाही हेच होतं. तिलाही कळलं होतं." तिचे डोळे भरून आले. "ना डॉक्टर, ना बाटली. माझे वडील गेल्यावर एकटी दिवसभर त्या मशीनवर. तिनंच कधीतरी शोधून काढलं असणार. मी सकाळपासून गावभर सांगत सुटलेय. तिनं कुणाला सांगितलं असेल हो?"

"मी त्या चिंध्या फेकल्या," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत? मला तरी कुठं माहीत होतं?" तिनं डोळे पुसले आणि पट्टी घट्ट ओढली. "बोट हलवू नका. गाठ सैल बसेल."

दुपारी आम्ही लेकीकडे गेलो. दारातूनच ही ओरडली, "दे गं तिला इकडे!" लेक आधी बघतच राहिली, मग हसायला लागली, आणि मग तिला रडूच आलं. हिनं पायांवर उशी घेतली, बाळाला उशीवर ठेवलं, आणि तो भेगाळलेला अंगठा अगदी हलक्या हातानं बाळाच्या गालावर टेकवला. बाळानं डोळे मोठे करून आजीकडे बघितलं.

"ऐक," बायको तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "तुझ्या पणजीनं एक शोध लावला होता."