कंसातलं वाक्य

"काल मी ग्वारानीत काय बोललो, ते तुझ्या वहीत नसेलच, एलादिया." घटनासभेचे सभासद, निवृत्त कर्नल रिकेल्मे आमच्या लघुलेखकांच्या खोलीत न विचारता येऊन बसले होते.

"बघावं लागेल, साहेब."

"त्यात बघायचं काय? तुमची पद्धतच आहे ना ती." ते हसले. "मुलगी अजून त्याच शाळेत शिकवते? लांब पडतं गं पोरीला, चालत."

ते गेल्यावर एलादियाने तेरेरेचा, आमच्या गार पाल्याच्या चहाचा, पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

पद्धत खरीच होती. नवी राज्यघटना लिहिणारे आमचे सभासद भाषणं स्पॅनिशमध्ये ठोकायचे. शिव्या, थट्टा आणि खरे सौदे मात्र ग्वारानीत, घरच्या भाषेत. आमचं लघुलेखन स्पॅनिशपुरतं. ग्वारानी सुरू झालं की आम्ही कंसात ‘ग्वारानीत बोलले’ एवढं लिहायचो आणि बोटं मोडत बसायचो.

आदल्या दिवशी असाच सौदा झाला होता. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करायचं, या कलमाला कर्नलना ‘आणीबाणी वगळून’ अशी पुस्ती हवी होती. विरोधकांनी हुकूमशाहीतल्या जुन्या अधिकाऱ्यांच्या चौकशीची मागणी सोडली, तेव्हा कर्नलनी पुस्ती सोडली. त्या दिवशी सकाळी चौकशीचं कलम रीतसर खोडलं गेलं, आणि कर्नलना पुस्ती परत हवीशी झाली. मतदान दुपारी होतं.

"तू लिहिलंयस?" मी विचारलं.

"शब्दन् शब्द. साध्या अक्षरांत."

"वेडी का गं तू! कशाला?"

"क्रिस्पिनला नेलं तेव्हा तेहतीस दिवस ठाण्याच्या दारात उभी होते मी, पेर्ला. चोवीस तास ऐकलं आणि हात थांबेचना."

"कंस वाच आणि मोकळी हो. तुझा नवरा आता थोडाच परत येणार आहे?"

बोलून गेले खरी. हुकूमशहा जाऊन तीन वर्षं झाली होती, पण आमची भीती काही त्याच्या विमानात बसून गेली नव्हती. मला तिची काळजी होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या शेजारी बसणाऱ्या माझी जास्त.

दुपारी अध्यक्ष म्हणाले, "पुस्ती मागे घेतली होती की नाही? नोंद वाचा, बाई."

एलादियाने बसूनच वही उघडली. कर्नल तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी टेबलाखालून तिची बाही ओढली. तिने हात सोडवून घेतला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग आवाज आला, कर्नलच्याच ग्वारानीत, त्यांच्याच लकबीत:

"‘बरं बाबांनो, चौकशी सोडताय ना? मग माझीही पुस्ती गेली चुलीत. चोवीस तास म्हणजे चोवीस तास.’"

मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण.

"बाईंचे कान फार तिखट आहेत," कर्नल म्हणाले. ते हसत नव्हते.

पुस्ती पडली, कलम मंजूर झालं. माणसं उठू लागली, खुर्च्या सरकल्या.

"चल," मी म्हटलं.

ती हलेना. तेव्हा मला दिसलं. तिचा राखाडी स्कर्ट ओला झाला होता आणि खुर्चीखाली फरशीवर ओघळ आला होता.

"वाचायच्या आधीच झालं गं," ती पुटपुटली.

कर्नल आमच्याच बाजूने येत होते. मी टेबलावरचा पाण्याचा जग तिच्या मांडीवर लवंडला, आणि किती धांदरट गं मी, असं ओरडत शिपायाकडे फडकं मागितलं.