गणपतरावांचे पुत्र

“मोबाईल खिशात घाल सूरज, न्हाई तर मी उठून चाललो!” मामा भर मांडवात माझ्यावर खेकसला. खेकसला कसला, नुसती हवाच निघाली. लागोपाठच्या लग्नांत म्हणून म्हणून आवाज पार बसल्ता त्याचा.

“मंग तू म्हण की!” मी बी तडकलो. “सगळे खोळंबलेत!”

माझा मामा, पुंजाराम भाट, लग्नात नवरदेवाच्या घराण्याच्या पिढ्या म्हणतो. पार मूळपुरुषापासून, सगळं तोंडपाठ. नुसती नावं न्हाई, कोणी काय केलं ते बी. लहानपणी त्याच्या बापानं गुरांमागं फिरवत पाठ करून घेतलं, चुकला की फटका. तवापास्नं गावोगाव हिंडून राह्यला, आधी येष्टीनं, आता सोताच्या गाडीनं. कोणाचं बी लेकरू दिसलं की त्याच्या पणज्याचं नाव सांगतो, अन सोताचा मोबाईल नंबर मला इचारतो. मी नववीतून शाळा सोडली तवा सगळे बोंबलले, मामा तेवढा म्हणला, “चल माझ्यासंगं.” मी म्हणलं, लोकांचे बाप मोजत फिरू का? गाडी चालवतो तुझी, बस.

त्या दिवशी केदारखेड्याला अंगदचं लग्न होतं. मागच्या साली त्याच्या थोरल्या भावाच्या, भागवतच्या लग्नात मी मामाचं म्हणणं मोबाईलमधी भरून ठेवल्तं. घराणं तेच, पिढ्या त्याच. मामा माझा हात धरून काही तरी सांगून राह्यल्ता. मी हात झटकला अन मोबाईल स्पीकरला जोडला.

काय आवाज होता मामाचा! एकेक नाव आलं की अंगद हात जोडायचा. “...त्यांचे पुत्र गणपतराव!” झालं, अन बंद. ताशेवाल्यानं काड्या उचलल्या.

तवा माझी नजर अंगदच्या आजीवर, दुर्गाबाईवर गेली. पदर तोंडाला लावून स्पीकरकडंच बघून राह्यल्ती. तिचा मालक रामराव दिवाळीत वारला. आमच्यात पिढ्या म्हणताना जित्या माणसाचं नाव घेत न्हाईत. भागवतच्या लग्नात तर रामराव पुढं खुर्चीवर बसून ऐकत होता, मंग त्याचं नाव मोबाईलमधी येणार कुठून? मामा हेच सांगत होता.

मामा उठला. तोंड उघडलं, नुसता खोकला. पुन्हा जोर लावला, पुन्हा खोकला. म्हातारी बघतच.

“थांब रे!” मी ताशेवाल्यावर वरडलो अन हात वर केला, मामा करतो तसा. “गणपतरावांचे पुत्र रामराव! ज्यांनी ह्या शिवारात पह्यली मोसंबी लावली, अन चोरून खाणाऱ्या पोरांना कधी शिवी न्हाई दिली!”

मांडव हासला. दुर्गाबाई बी हासली, मंग रडली, मंग दोन्ही हात कपाळाला लावले तिनं.

मामानं सोताचा पटका माझ्या डोक्यावर ठेवला. डोळ्यांवर आला तो. मला वाटलं आता शाबासकी देतो.

“मोसंबी त्याच्या बापानं लावल्ती,” मामा कानात फुसफुसला. “रामरावानं हीर खंदली, गाढवा.”

“मंग आधी सांगायचं ना!”

“सांगूच दिलं कुठं तू?”

आज कुंभार पिंपळगावला लग्न हाय. मामा अजून घसा दाखवून खुणाच करतो. पण सकाळी मामीवर वरडला ते मी ऐकलं, आवाज बिलकुल खणखणीत हाय. तरी मी त्याचा पटका बांधलाय, बाहेर मामा गाडी चालू करून बसलाय, मला आता निघायचंय.